बसायला जागा

आईचा उजवा गुडघा तेव्हा अजून जुनाच होता, ऑपरेशन नंतर झालं. मे 2023, लास व्हेगास, शुक्रवारची रात्र, साडेदहा वाजून गेलेले. खोलीचं कार्ड दाराला लागत नव्हतं म्हणून नवरा खाली येऊन परत लाइनीत उभा राहिला, बाबा आणि आमचा 9 वर्षांचा लेक त्याच्याबरोबर, आणि मी आणि आई कॅसिनोच्या मजल्यावर एका खांबापाशी थांबलो होतो. नक्की कुठे ते आजही सांगता येणार नाही कारण तिथे चारी दिशा सारख्याच दिसतात. आई म्हणाली, "जरा टेकते गं." आणि समोरच्या स्लॉट मशीनच्या खुर्चीवर बसली. उंच, लाल, पाठीला मऊ अशी खुर्ची. तिनं बुटातून टाच जरा मोकळी केली, साडीवरच्या स्वेटरचं बटण काढलं आणि डोळे मिटले. दोन मिनिटंही झाली नसतील, काळ्या कोटातला एक माणूस आला. आवाज चढवला नाही, उलट किंचित वाकून विचारलं, मॅम, आर यू प्लेइंग? आईला शब्द कळले नाहीत पण त्याचा हात मशीनकडून वाटेकडे वळला तो कळला. ती झटकन उठली, सॉरी सॉरी म्हणत, पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर चुकून बसल्यासारखी. आणि मग नवरा येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं त्या खांबाला हात टेकून उभी राहिली. मी पण सॉरीच म्हटलं त्या माणसाला. आईला दंडाला धरून बाजूला घेतलं.

माझ्या पर्समध्ये 20 डॉलरची नोट होती.

ती नोट मशीनमध्ये सरकवली असती तर आई तिथे हवं तितका वेळ बसू शकली असती, हे मला गाडीत बसून फिनिक्सला घरी परत येताना, हूवर डॅम मागे पडल्यावर सुचलं. त्या माणसाचा राग कधीच आला नाही, त्याला जे काम दिलंय ते तो करत होता. पण आईचं ते पटकन उठणं माझ्या डोळ्यापुढून जाईना. ती घरी काही बोलली नाही. सांगलीला परत गेल्यावर शेजारणींना कारंजी सांगितली, हॉटेलसमोरचा खोटा ज्वालामुखी सांगितला, काचेची फुलं सांगितली, हे नाही सांगितलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

दर वर्षी उन्हाळा आला की आमच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, आईबाबा आलेत, व्हेगासला कुठलं हॉटेल घेऊ. सगळ्यांचा मार्ग ठरलेला, ग्रँड कॅन्यन, व्हेगास, मग लॉस एंजेलिस. आणि उत्तरंही ठरलेली, हे घे त्याचा व्ह्यू भारी, ते घे ते स्वस्त. आधी मीही असंच सांगायचे. आता मी उलट विचारते, गुडघे कसे आहेत त्यांचे? धुराचा त्रास होतो का? इन्सुलिन आहे का? पहाटे उठून चहा लागतो का? लोकांना वाटतं ही काय हॉस्पिटलची चौकशी करते, पण चार-पाच हजार खोल्यांचं हॉटेल निवडायचं म्हणजे खरं तर एवढंच बघायचं असतं. झुंबर कितीचं आहे ते नाही.

पहिल्या खेपेला मी काय केलं होतं तर फोटो बघितले. पूल छान, लॉबी छान, रात्रीचे 119 डॉलर. शुक्रवार-शनिवार घेतला कारण सुट्टी तेव्हाच होती, आणि तिथे तर शुक्रवार-शनिवारला त्याच खोलीचे भाव कुठल्या कुठे जातात, मंगळवार-बुधवारी तीच खोली, तीच चादर, निम्म्यात पण मिळू शकते. आणि 119 दिसले तरी वर रिसॉर्ट फी, त्यावर टॅक्स, असं करत एका रात्रीचे 186 झाले. बाबा एमएसईबीच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले, त्यांनी बिल हातात घेऊन ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही फी कशाची?" मी म्हटलं वायफाय, जिम, असं सगळं मिळून. "आपण जिमला गेलो होतो?" नव्हतो गेलो, पण ती द्यावीच लागते, वापरा नाही तर नका वापरू. आता 12 मे 2025 पासून अमेरिकेत नियम झालाय की सक्तीची फी धरून एकूण किंमत आधीच ठळक दाखवायची, त्यामुळे निदान शेवटी धक्का बसत नाही. फी मात्र गेलेली नाही, फक्त दिसायला लागली. शिवाय चेक-इनला कार्डावर डिपॉझिट म्हणून वेगळी रक्कम अडकवून ठेवतात, ती डेबिट कार्डावर घेऊ देऊ नका, परत यायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस खात्यातले तेवढे पैसे नाहीतच असं धरून चालावं लागतं.

पण पैशाचं दुःख दोन दिवसांचं. खरी गोष्ट चालण्याची आहे. बाबांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं, त्यांनी गाडीपासून खोलीच्या दारापर्यंतची पावलं मोजली, 1,340. पार्किंगची लिफ्ट, मग पूल, मग दुकानं, मग कॅसिनोचा अख्खा मजला, मग आमच्या टॉवरच्या लिफ्ट, आणि वर गेल्यावर एक कॉरिडॉर, ज्याचं दुसरं टोक दिसतच नव्हतं. आणि हा एकेरी हिशोब. विसरलेलं औषध आणायला खाली-वर केलं की आणखी दोन-तीन हजार पावलं. एमजीएम ग्रँडमध्ये पाच हजारांवर खोल्या आहेत, एका खोलीत दोन माणसं धरली तरी दहा हजार, म्हणजे आपल्याकडचं एक चांगलं मोठं गाव एका छपराखाली, आणि गावात चालायला जेवढं लागतं तेवढं लागणारच. त्यात वाट सरळ नसते. दारातून लिफ्टकडे जायला मधे कॅसिनो, लिफ्टकडून जेवायला जायला मधे कॅसिनो, आणि आत खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, वाटा वळत वळत जातात. हे चुकून झालेलं नाही, माणूस जितका जास्त वेळ मशीनच्या मधून चालेल तितका तो कुठेतरी थांबायची शक्यता, एवढा साधा विचार त्यामागे आहे. बाहेर तर अजून वेगळी गंमत, समोरचं हॉटेल इतकं अवाढव्य असतं की ते जवळ वाटतं, आपण म्हणतो हे काय समोरच तर आहे, आणि वीस मिनिटं चालून झाली तरी ते तसंच समोर असतं. मे महिन्याच्या उन्हात आईला मी असं दोनदा चालवलं. दोन्ही वेळा "हे काय, आलंच" म्हणत.

आणि एवढ्या चालण्यात बसायला काही नाही. मी नंतर आठवून आठवून बघितलं, त्या हॉटेलच्या खालच्या मजल्यावर शेकडो खुर्च्या होत्या, हजारही असतील, आणि एकूण एक खुर्ची कुठल्या तरी मशीनकडे किंवा टेबलाकडे तोंड करून होती. लेकाचं तर अजून वेगळं. 21 वर्षांखालच्यांना तिथून चालत जायला चालतं पण थांबायला चालत नाही, तो एका ड्रॅगनच्या दिव्यांपुढे जरा रेंगाळला की लगेच कोणीतरी येऊन सांगायचं, कीप मूव्हिंग. नातवाला थांबता येईना, आजीला बसता येईना.

लहानपणची एक दुपार मला यावरून सारखी आठवत राहिली. सांगलीत हरभट रोडला साड्यांच्या दुकानात आई मला घेऊन जायची. दिवाळी नाही, लग्न नाही, अशीच. मी सात-आठ वर्षांची. चपला बाहेर काढायच्या आणि आत पांढऱ्याशुभ्र गादीवर बसायचं, गादी गार लागायची पायाला. "या वहिनी, बसा" हे पहिलं वाक्य, काय दाखवू हे दुसरं. आई म्हणायची घ्यायचं काही नाही हो, सहज आले. तर तो म्हणायचा घेऊ नका, बघा तर, आणि मनगटाच्या एका झटक्यात घडी अशी उलगडायची की काठ बरोबर आईच्या गुडघ्यापाशी येऊन थांबायचा. एक, दोन, दहा, वीस. गादीवर रंगांचा ढीग. मधेच पोऱ्या सरबत आणायचा, काचेच्या ग्लासात, वर सब्जा तरंगणारा, मी तो दातांनी फोडत बसायचे. तीन तास बसून आईनं एकदा फक्त एक खण घेतला होता, आणि निघताना आईच ओशाळी झाली तर तो म्हणाला, वहिनी दुकान तुमचंच आहे. आता मोठी झाल्यावर मला कळतं की तोही धंदाच होता. सरबताचे पैसे पुढच्या दिवाळीत शालूत वसूल होत होते. तरीपण त्या धंद्यात बसा हा शब्द आधी होता, आणि न घेणाऱ्यालाही तो होता, हे काही मी विसरू शकत नाही.

आईचं अख्खं आयुष्य असं बसण्यात गेलंय असं म्हटलं तरी चालेल. गणपती मंदिरातून बाहेर आलं की पायरीवर दोन मिनिटं टेकायचं, देवाकडून उठून लगेच जायचं नसतं. एसटी स्टँडवर बाकावर, कृष्णेच्या घाटावर पूर बघायला, कोणाकडे पाच मिनिटांसाठी गेलं तरी, "उभ्या उभ्या आले" असं म्हणत आधी बसायचं. त्या बाईला उठवलं.

पण दुसरी बाजू पण लिहिली पाहिजे, नाहीतर खोटं होईल. मुंबईला आम्ही लहानपणी गेलो तेव्हा गेटवेसमोरचं मोठं हॉटेल समोरच्या फुटपाथवरून बघितलं होतं. कोणी अडवलं नव्हतं, आईच आत जायला तयार नव्हती, आपलं काय काम तिथे म्हणाली. बाबा म्हणाले नुसतं बघून येऊ, तर तिनं माझा हात घट्ट धरला. दारातल्या फेटेवाल्याकडे बघूनच तिला भीती वाटली होती. आणि इथे व्हेगासला बलाजिओ हॉटेलच्या दारात एका माणसानं तिच्यासाठी दार उघडून धरलं, वेलकम म्हणाला, कोण कुठून आलात कोणी विचारलं नाही. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज, हातात कापडी पिशवी, अशी माझी आई सरळ आत गेली आणि लॉबीत छताकडे बघत उभी राहिली. तिथे वर डेल चिहुली या कलाकाराची काचेची दोन हजारांच्या आसपास फुलं आहेत, लाल, पिवळी, निळी, एकमेकांवर चढलेली, दिवे लागले की फुलांच्या कडा पाण्यासारख्या दिसतात. आई मान वर करून कितीतरी वेळ बघत होती, मग म्हणाली, "ही पुसत कशी असतील गं?" मग आतली बाग, खऱ्या फुलांची, वर्षातून पाच वेळा पूर्ण बदलतात. सगळं फुकट. टॉयलेट इतकं स्वच्छ की आई बाहेर आल्यावर म्हणाली इथे जेवायला बसलं तरी चालेल. आपल्याकडच्या पंचतारांकित हॉटेलात ती आजही अशी जाणार नाही. इथे दाराशी भीती वाटली नाही, आणि हे मला फार मोठं वाटतं, खरंच. खुर्चीची गोष्ट त्याच रात्रीची आहे, एवढंच.

बाबांना मात्र उभं राहण्याचं काही वाटलं नाही, ते रुलेटच्या, म्हणजे चाकावर गोळी फिरवायच्या खेळाच्या, टेबलामागे तासभर उभे होते. खेळले नाहीत. रूमवर आल्यावर हॉटेलच्या पॅडवर पेन्सिलीनं मांडून दाखवलं, चाकावर घरं 38, एक ते छत्तीस आणि वर दोन शून्यं. प्रत्येक घरावर एक डॉलर लावला तर 38 गेले, कुठलंही घर येवो, लावलेला धरून हातात येणार 36. म्हणजे दर फेरीला दोन डॉलर टेबलाचे, शंभरामागे सव्वापाच. "यात नशीब कुठे आलं, हा तर सरळ कर आहे." काही टेबलांवर तीन शून्यं असतात, तिथे तो कर शंभराला साडेसातच्या वर जातो, त्यांनी तेही शोधून काढलं होतं. ब्लॅकजॅकच्या टेबलावर बारीक अक्षरात सहाला पाच लिहिलंय की तिनाला दोन, ते वाचूनच बसावं हे पण त्यांचंच, दहा डॉलर लावून पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान आलं, म्हणजे ब्लॅकजॅक झाला, तर एका ठिकाणी बारा मिळतात, दुसऱ्या ठिकाणी पंधरा. ज्यांना खेळायचंय त्यांनी खेळावं, माझं काही म्हणणं नाही. बाबांचा नियम मला पटतो, जेवढे पैसे नाटकाच्या तिकिटाला घालवू तेवढे वेगळ्या पाकिटात काढून ठेवायचे आणि पाकीट संपलं की नाटक संपलं.

जानेवारी 2024 मध्ये मिरजेला आईचा गुडघा बदलला. मी तीन आठवडे गेले होते. मिरजेत हॉस्पिटलच्या बाहेर पण बसायला बाकं आहेत, कट्टे आहेत, झाडाखाली खुर्च्या टाकलेला चहावाला आहे. आई वॉकर घेऊन पहिल्यांदा कॉरिडॉरमध्ये दहा पावलं चालली तेव्हा मला म्हणाली, "आता ने मला परत तिकडं, ते नळे आहेत ना पाण्याचे, ते बघायचेत." कारंज्यांना ती नळे म्हणते. मला वाटलं होतं तिला ती जागा नकोशी झाली असेल. तिला नव्हतीच झाली. मलाच झाली होती.

मग मार्च 2025 मध्ये गेलो परत. या वेळी मी हॉटेल निवडायला दोन आठवडे घेतले, आणि फोटो सगळ्यात शेवटी बघितले. मंगळवार ते गुरुवार. कॅसिनो नसलेलं हॉटेल. हो, स्ट्रिपवर, म्हणजे मोठी हॉटेलं असलेल्या मुख्य रस्त्यावर, अशी आहेत, लोकांना माहीतच नसतं. व्हीदारा आहे, एमजीएमच्या मागचे सिग्नेचरचे तीन टॉवर आहेत, मॅन्डले बे हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर फोर सीझन्स आहे. लिफ्टमधून उतरलं की बाहेर, मधे मशीन नाहीत, धूर नाही. नेवाडा राज्यात बहुतेक कॅसिनोंच्या मजल्यावर अजून सिगरेट चालते, वास ओढून घेणारी यंत्रं लावली आणि सेंट कितीही मारला तरी आईला दुसऱ्या मिनिटाला खोकला लागतो. कॅसिनोसकट हॉटेल हवंच असेल तर पार्क एमजीएम 2020 पासून पूर्ण बिनधुराचं आहे. आम्ही व्हीदाराला राहिलो, कारण तिथून बलाजिओला आतून जाता येतं आणि फुकटची ट्राम शेजारीच आहे. बुकिंग झाल्यावर फोन करून लिफ्टजवळची खोली मागितली. हे फोनवरच मागायचं, वेबसाइटवर टिक करून होत नाही. मोठ्या हॉटेलात ही एकच गोष्ट मागितली तरी दिवसाला पाच-सहाशे पावलं वाचतात.

बाबांच्या इन्सुलिनचं पहिल्या खेपेला आम्ही फार हाल करून घेतले होते. खोलीत फ्रिज असतो पण तो मिनीबार, गच्च भरलेला, आणि त्यात सेन्सर असतात, एखादी बाटली उचलून बाजूला ठेवली तरी बिलावर चढते. मी आईसबकेटमध्ये बर्फ घालून इन्सुलिनचं पेन ठेवलं होतं, रात्री दोनदा उठून बर्फ बदलला. नंतर कळलं की औषधासाठी वेगळा छोटा फ्रिज मागितला तर देतात, नुसतं आधी सांगायचं. चहाचं पण तेच, बऱ्याच मोठ्या कॅसिनो हॉटेलांच्या खोल्यांत किटली नसते, खाली येऊन लाइन लावून कागदी कपातलं काहीतरी प्यावं हीच त्यांची अपेक्षा. पहाटे पाचला उठणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांना 1,340 पावलं चालवून चहा पाजायचा का? या वेळी घरची किटली, चहाची पूड, दुधाची पावडर, साखर, आल्याचा तुकडा, सगळं एका पिशवीत. पहाटे मला जाग आली तर खिडकीपाशी आई आणि बाबा दोघं खुर्च्या ओढून बसलेले, खाली ते सगळं दिव्यांचं गाव विझत चाललेलं, आणि खोलीत आल्याचा वास. बाबा दूरवर बोट दाखवून आईला सांगत होते त्या काळ्या पिरॅमिडच्या आकाराच्या हॉटेलच्या शेंड्यातून रात्री जो झोत वर जातो तो झेनॉनच्या दिव्यांचा, आणि आत लिफ्ट सरळ वर न जाता 39 अंशात तिरकी जाते. एमएसईबीच्या माणसाला लोडशेडिंगची वर्षं आठवत असणार अशा ठिकाणी. बोलले नाहीत, पण कप हातात धरून बराच वेळ तिकडेच बघत होते.

दोनच वर्षांत तिथलं काय काय गेलं होतं. मिराजसमोरचा ज्वालामुखी, जो आईनं रेलिंगला टेकून दोनदा बघितला होता, तो जुलै 2024 मध्ये हॉटेलसकट बंद झाला. 1957 चं ट्रॉपिकाना हॉटेल ऑक्टोबरमध्ये सुरुंग लावून पाडलं, आता तिथे बेसबॉलचं स्टेडियम होणार. आईला ते ऐकून वाईट वाटलं. "चांगलं होतं की," एवढंच म्हणाली.

बलाजिओसमोरचे नळे बघितले. रात्री दर पंधरा मिनिटांनी असतात, त्यामुळे धावायचं काही कारणच नाही, एक चुकलं तर पुढचं, आम्ही तीन बघितले. पण त्या खेपेतली माझी सगळ्यात आवडती जागा फ्लेमिंगो हॉटेलच्या मागची बाग. हॉटेल 1946 चं, स्ट्रिपवरच्या जुन्यांतलं जुनं, आणि मागे झाडं, पाणी, मासे, कासवं आणि खरेखुरे फ्लेमिंगो. तिकीट नाही. आणि बाकं आहेत. साधी बाकं, कुठल्याही मशीनकडे तोंड नसलेली. आई बसली, पिशवीतून भडंगाचा डबा काढला, आणि समोर एका पायावर उभ्या पक्ष्याकडे बघून म्हणाली, "अगं हे तर आपले रोहित. उजनीला येतात ते." आम्ही भिगवणला होडीतून बघितले होते ते, लांबून, पहाटेच्या धुक्यात, नावाडी वल्हं थांबवून गप्प बसा म्हणायचा. इथे हाताच्या अंतरावर होते. लेक तिच्या मांडीला रेलून भडंग खात होता आणि त्याला कोणी कीप मूव्हिंग म्हणत नव्हतं. पाऊण तास बसलो. त्या बाकावर बसून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वेळी कोणी विचारलं ना कुठलं हॉटेल घेऊ, तर मी त्यांना नकाशावर बाकं दाखवीन.

शेवटच्या रात्री जेवण करून दुसऱ्या एका कॅसिनोमधून बाहेर पडायचं होतं. पार्किंग लांब, म्हणून नवरा लेकाला घेऊन गाडी आणायला गेला, बाबा दाराशी ताजी हवा खात थांबले. मी आणि आई आत, परत एका खांबापाशी. माझ्या पोटात जरा गोळाच आला. आईनं इकडेतिकडे बघितलं आणि सरळ एका मशीनच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी म्हटलं आई अगं, तर तिनं हातानंच थांब अशी खूण केली, कमरेचा बटवा काढला, त्यातून घडी केलेली एक डॉलरची नोट काढली. मशीननं ती दोनदा बाहेर फेकली. तिसऱ्या वेळी तिनं नोट मांडीवर ठेवून तळहातानं इस्त्री केल्यासारखी सपाट केली, कोपरे सरळ केले आणि परत सरकवली, गेली. बटण दाबलं. चक्रं फिरली, गाणं वाजलं, 88 सेंट गेले, काही आलं नाही. स्क्रीनवर राहिले 12 सेंट, तेवढ्यात पुढचा डाव होत नाही.

आई पाठीला टेकून बसली. टाच मोकळी केली.

ट्रे घेऊन एक मुलगी आली, कॉकटेल्स म्हणाली. आई म्हणाली, "वॉटर." मुलगी गेली आणि खरंच थोड्या वेळानं गार पाण्याची बाटली घेऊन आली, खेळणाऱ्याला फुकट असतं ते, मी तिच्या ट्रेमध्ये एक डॉलर ठेवला. काळ्या कोटातला एक माणूस बाजूनं गेला, आईकडे बघून मान हलवली आणि पुढे गेला. आईनं पण मान हलवली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, गाडी दाराशी लावलीय, लवकर या, मागून हॉर्न देतायत.

मी म्हटलं, "चल आई, आला तो."

आईनं बाटलीचं झाकण लावलं नाही. स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"थांब की जरा. अजून 12 सेंट शिल्लक आहेत माझे."